गाडीची जागा आणि बाईची वाट

(शहरी वस्त्यांत काम करणाऱ्या स्त्री-गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण कौटुंबिक हिंसाचारावर बोललो, रेशनवर बोललो, घरकामगारांच्या नोंदणीवर तर भांडलोसुद्धा. आणि आता जेवण झाल्यावर, डोळे जड व्हायच्या वेळेला, माझ्या वाट्याला आलेला विषय आहे पार्किंग. फळ्यावर विषय वाचून दोघी-तिघींनी मला बाहेर गाठलं आणि विचारलं, "अहो ताई, आपल्यात गाडी आहे कोणाकडे?" मला हा प्रश्न फार आवडला, कारण मला जे म्हणायचंय ते त्याच प्रश्नात आहे. आपल्याकडे गाडी नाही. तरी गाडीच्या जागेचे पैसे आपण भरतो, तिच्यासाठी आपला फुटपाथ सोडतो, आणि नव्या इमारतीचा नकाशा होतो तेव्हा त्यात आधी गाडी बसवली जाते, आपण नंतर.

नियोजनवाले याला 'पार्किंग आणि वाहतुकीच्या मागणीचं व्यवस्थापन' म्हणतात. शब्द मोठा आहे, गोष्ट साधी आहे. नवी वसाहत उभी राहिली की तिथली माणसं रोज कुठे, कशाने, किती वेळा जाणार, ही झाली मागणी. ती काही आभाळातून पडत नाही. शाळा दहा मिनिटं चालण्यावर असेल तर मागणी एक, हायवेपलीकडे तीन किलोमीटरवर असेल तर दुसरी. बस दर दहा मिनिटांनी येत असेल तर एक, तासाला एक येत असेल तर दुसरी. आणि तळघरात गाडी फुकट उभी राहत असेल तर तिसरीच. तेव्हा मागणी सांभाळायची म्हणजे, शंभर गाड्या येणार म्हणून शंभर जागा बांधत सुटायचं नाही, तर त्यातल्या साठ गाड्यांची मुळात गरज पडू नये अशी वसाहत बांधायची. आपल्या स्वयंपाकघरात आपण हेच करतो. पाहुणे किती येणार, काय खाणार याचा अंदाज घेतो, मग कणीक मळतो. शहराच्या बाबतीत मात्र आधी परातभर कणीक मळून ठेवतात आणि मग म्हणतात, बघा, खाणारे किती आहेत!

आता आपला नियम काय सांगतो ते बघू. मुंबईपुरतं बोलते, कारण तिथला तक्ता मी बसून वाचलाय. मुंबईची विकास नियंत्रण नियमावली, 'डीसीपीआर २०३४' म्हणतात ती, २०१८ मध्ये लागू झाली. तिच्यात घराच्या आकाराप्रमाणे गाड्यांच्या जागा ठरवून दिल्या आहेत. ४५ चौरस मीटर कार्पेटपर्यंतची चार घरं असतील तर एक गाडी. ४५ ते ६० मीटरची दोन घरं, एक गाडी. ६० ते ९० मीटरचं घर, एका घराला एक गाडी. आणि ९० मीटरच्या वरचं घर असेल तर एका घराला दोन. एवढ्या जागा बिल्डरने द्यायच्याच, कमी चालणार नाहीत. तुमच्याकडे गाडी आहे का, घ्यायची आहे का, हे कोणी विचारत नाही. एक मोठी गाडी म्हणजे अडीच मीटर बाय साडेपाच मीटर, म्हणजे पावणेचौदा चौरस मीटर. शिवाय गाडी उडत येत नाही. तिला रॅम्प लागतो, वळायला जागा लागते. दिल्लीच्या मास्टर प्लॅन २०२१ मध्ये हे सगळं धरून तळघरातल्या एका गाडीमागे ३२ चौरस मीटर जागा धरली आहे.

३२ चौरस मीटर हा आकडा लक्षात ठेवा. झोपडपट्टी पुनर्वसनात मुंबईत एका कुटुंबाला आज मिळतं ते घर ३०० चौरस फुटांचं. म्हणजे २७.८८ चौरस मीटर. त्याआधी २६९ फुटांचं होतं, त्याआधी २२५. पाच-सहा माणसं, त्यांची भांडी, पाण्याची पिंपं, मुलांचा अभ्यास, सासूचं आजारपण, बाळंतपण, सगळं २८ मीटरमध्ये. आणि एक गाडी, जी दिवसातले बावीस-तेवीस तास नुसती उभी असते, तिला ३२.

अजून एक माप सांगते. भाजी, मासळी, गजरे घेऊन बसणाऱ्या आपल्या बहिणींसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात, जागा ठरवून दिली ती एक मीटर बाय एक मीटर. एक चौरस मीटर! त्याच्या बाहेर टोपली गेली की ती उचलायला महापालिकेची गाडी येते. तिच्याच शेजारी दिवसभर फुकट उभ्या असलेल्या मोटारीला कोणी अतिक्रमण म्हणत नाही. खरं तर दोघीही रस्त्याची जागा वापरतात. एक तिथे पोट भरते, दुसरी तिथे झोप काढते. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ मध्ये आला, पण ही नजर काही त्याने बदललेली नाही.

कोणी म्हणेल, आपण झोपडपट्टीतल्या, त्या मोठ्या घरांच्या तक्त्याशी आपला काय संबंध? तर संबंध पैशाचा आहे. तळघर खणायला, पोडियमचे मजले चढवायला जो खर्च येतो तो बिल्डर स्वतःच्या खिशातून घालत नाही, घरांच्या भावात घालतो. अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, २०२५ मध्ये वारले. त्यांनी सगळी उमर हेच सांगण्यात घालवली की फुकट पार्किंग फुकट नसतंच. त्याची किंमत घराच्या भावात, दुकानातल्या मालात, भाड्यात मिसळलेली असते, आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही ती भरत असतो. २००५ चं त्यांचं जाडजूड पुस्तक याच विषयावर आहे. आपल्याकडे तर ही गोष्ट जास्तच खरी आहे. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात मोटार असलेली घरं शंभरातली दहासुद्धा नव्हती. आता वाढली असतील, खूप वाढली असतील, पण बहुसंख्य घरं गाडीवाली झाली असं मुंबईत तरी कोणी म्हणणार नाही. आणि ज्या घरात गाडी आहे त्या घरातसुद्धा ती कोणाची आहे? किल्ली कोणाच्या खिशात असते?

एका सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या सभेला मी सल्ला द्यायला म्हणून गेले होते. जुनी चार मजली इमारत, बहुतेक घरं गिरणी नाहीतर कारकुनीतून निवृत्त झालेल्यांची, सात-आठ एकट्या बायका, विधवा, दोघी नवऱ्याने टाकलेल्या. सभा साडेतीन तास चालली. त्यातले दोन तास, मी घड्याळ लावून सांगते, पार्किंगवर गेले. कोणाला स्टिल्टमधली जागा, कोणाला यांत्रिक पार्किंगमधली, एकाला दोन कशा, मुलगा अमेरिकेतून आला तर त्याची गाडी कुठे. मागच्या रांगेतल्या एका मावशींनी हात वर करून विचारलं, "शाळेची रिक्षा कुठे उभी राहणार? आत्ता मुलं रस्त्यावर चढतात." सभापती म्हणाले, "मावशी, ते गेटच्या बाहेरचं झालं, तो आपला विषय नाही." मावशी बसल्या. मुलांना शाळेत सोडणं हा प्रवास नव्हता, तो गेटच्या बाहेरचा विषय होता.

त्या सभेत मी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही सांगते, कारण रिडेव्हलपमेंट आता आपल्या सगळ्यांच्या दारात आलंय. पहिली अशी की स्टिल्टमधली जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की ती सामाईक जागा आहे. सामाईक म्हणजे गाडी नसलेल्या बाईचीही. तिचं काय करायचं ते सोसायटीची सभा ठरवते. तिथे गाड्याच लावायच्या की काही जागेत मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला, पाळणाघराला मोकळीक ठेवता येईल, हा प्रश्न सभेत विचारायचा. नियमाने ज्या गाड्यांच्या जागा बांधून झाल्यात त्या मोडता येणार नाहीत, पण नियमापेक्षा जास्तीच्या जागा मागितल्या जातात तेव्हा तरी विचारता येतो. दुसरी गोष्ट मेंटेनन्सची. सोसायट्यांमध्ये सेवाशुल्क दर घराला सारखं लावायची पद्धत आहे. मग गाड्या वर-खाली करणाऱ्या यंत्राची वीज आणि दुरुस्ती त्यातच ढकलली जाते. ती पार्किंगच्या शुल्कातून वेगळी वसूल करायला सांगा. गाडी ज्याची, यंत्राचं बिल त्याचं. पेन्शनीवर जगणाऱ्या बाईला दरमहा दोन-चारशे रुपयेसुद्धा कमी नसतात.

आता प्रवासाकडे येते. कोण कसा जातो?

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा विचारलं गेलं की तुम्ही कामाला कशाने जाता. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांनाच विचारलं, पण विचारलं हे महत्त्वाचं. त्यातून दिसलं की अशा बायकांपैकी ४५ टक्के पायी जातात आणि पुरुषांपैकी २७ टक्के. मुंबई महानगराच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासातही निम्म्याहून जास्त फेऱ्या पायीच होत्या. म्हणजे या शहराची सगळ्यात मोठी वाहतूक सेवा म्हणजे आपले पाय. त्या सेवेसाठी नकाशात किती मीटर ठेवलेत ते बघा.

पण जनगणनेचा प्रश्नही अर्धाच आहे. 'कामाला कशाने जाता' एवढंच विचारलं. रेशनला, दवाखान्यात, मुलाला आणायला, माहेरच्या आजारी आईचा डबा घेऊन, पाण्याला, गॅसच्या नंबराला, ते जाणं कुठे मोजलं? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांत बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते आणि पुरुष ९७ मिनिटं. त्या पाच तासांतलं बरंचसं काम पायाने होतं. पुरुषाचा प्रवास बहुधा सुतासारखा सरळ असतो. सकाळी घर ते कचेरी, संध्याकाळी कचेरी ते घर. बाईचा प्रवास माळेसारखा. घरातून बालवाडी, बालवाडीतून पहिलं काम, तिथून दुसरं काम, वाटेत भाजी, परत बालवाडी, मग दवाखाना, मग घर. कडेवर मूल, हातात पिशवी. तिकिटं चार, अंतर थोडं, वेळ गर्दीची नसलेली, म्हणजे नेमकी जेव्हा बस कमी केलेल्या असतात ती. वाहतुकीचे आराखडे त्या सरळ सुतावर बेतलेले असतात. म्हणून तर सकाळी नऊला गाड्या किती आणि सायंकाळी सहाला किती एवढंच मोजतात, आणि मग उड्डाणपूल बांधतात. उड्डाणपुलावरून बालवाडीला जाता येत नाही.

मुंबईच्या प्रवासाची २००४ आणि २०१९ ची तुलना करणारा जागतिक बँकेचा एक अभ्यास आहे. त्यात असं निघालं की या पंधरा वर्षांत पुरुष कामाला जायला दुचाकीकडे वळले, आणि बायका रिक्षा-टॅक्सीकडे. दुचाकी प्रत्येक फेरीला स्वस्त, रिक्षा महाग. म्हणजे बस हुकली, बस कमी झाली, फुटपाथ गेला, याची किंमत दोघांनी भरली, पण बाईने जास्त भरली.

घर कुठे बांधलं यावरसुद्धा किती ठरतं! मुंबईत रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत उठवलेल्या वस्त्या २००० नंतर मानखुर्दला, वाशी नाक्याला पाठवल्या. पक्की घरं मिळाली, संडास घरात आला, ते मी कमी लेखणार नाही. पण कित्येक बाया धुणीभांडी करत होत्या त्या घरांपासून तुटल्या. आधी दहा मिनिटं चालत जाऊन चार घरची कामं उरकून मधल्या वेळात घरी येऊन मुलाला जेवू घालता येत होतं. नंतर बस, मग लोकल, मग परत चालणं. त्यात एका कामाचा पगार भाड्यात जातो. काम सुटलं. कागदावर तिच्या प्रवासाची 'मागणी' शून्य झाली, कारण ती घरी बसली. वाहतुकीच्या तक्त्यात याला सुधारणा म्हणतील. रस्त्यावर एक माणूस कमी!

आता एक अवघड भाग आहे आणि तो टाळून चालणार नाही. पुण्याहून आलेल्या मैत्रिणी केव्हाच्या चुळबुळ करताहेत, मला दिसतंय.

२०१८ मध्ये पुणे महापालिकेत रस्त्यावर गाड्या लावण्यासाठी शुल्क घ्यायचं धोरण आलं. केवढा गदारोळ झाला तुम्हाला आठवत असेल. त्याच वर्षी बातम्या होत्या की पुण्यात वाहनं माणसांपेक्षा जास्त झाली. मार्च २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेने दर खाली आणून, पाच रस्त्यांपुरतं ते मंजूर केलं, आणि पुढे ते तसंच अडकून राहिलं. विरोध करणाऱ्यांत सगळ्या पक्षांचे लोक होते आणि सगळ्यांच्या तोंडी सामान्य माणूस होता. पण त्या वेळी पुण्यातल्या एका कार्यकर्तीने मला जे विचारलं ते राजकारण नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या आईला बाहेर जायला माझ्या वडिलांची परवानगी आणि माझ्या भावाची सोबत लागायची. मला माझी स्कूटी पुरते. तिच्यावर तू कर लावणार?"

या प्रश्नाला हसण्यावारी नेऊ नये. पुण्याच्या मुलींना लूनाने आणि पुढे स्कूटीने जे दिलं ते पुष्कळ भाषणांनी दिलं नाही. रात्री आठला क्लासहून एकटीने परत येणं, बसस्टॉपवर टवाळखोरांची वाट अडवणं न सोसणं, नवऱ्याच्या मागे न बसता पुढे बसणं, हे छोटं नाही. माझं उत्तर असं आहे. तिने स्कूटी घेतली ती आवडली म्हणून खरी, पण बस वेळेवर येत नव्हती आणि चालायची वाट धड नव्हती म्हणूनही. आणि तिच्या घरी काम करायला येणाऱ्या बाईला स्कूटी परवडत नाही. तिला तीच बस, तीच वाट. दुचाकीला कमी, मोटारीला तिच्या जागेच्या प्रमाणात जास्त, असं शुल्क असू शकतं. सायकलीला काहीच नको. रात्री नऊनंतर दिवे असलेल्या भागात बायकांच्या दुचाकींना माफी, अशी मागणीही करता येईल. अपंगांच्या आणि फार वृद्धांच्या गाडीला दारापाशी जागा हवीच, त्यावर वाद नाही. पण शुल्क नकोच म्हणणं म्हणजे रस्त्याची जागा ज्याच्याकडे गाडी मोठी त्याला दान देणं. २००६ चं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण, जे काही आपण लिहिलेलं नाही, तेसुद्धा म्हणतं की पार्किंगचं शुल्क जागेच्या खऱ्या किमतीला धरून असावं. आणि माझी अट अशी की त्या शुल्कातला रुपया अन् रुपया त्याच प्रभागातल्या फुटपाथला, दिव्यांना आणि बसला गेला पाहिजे. तो तिजोरीत गडप होणार असेल तर मीही तुमच्याबरोबर विरोधाला उभी राहीन. पुण्याच्या त्या कार्यकर्तीला हे सगळं पटलं असं नाही. बसपुरतं पटलं, शुल्कापुरतं अजून वाद चालू आहे.

पार्किंगची भीती हा वेगळाच मुद्दा. मुंबईत नव्या इमारती बघा. सक्तीच्या पार्किंगची जागा एफएसआयमध्ये मोजत नाहीत, म्हणून खालचे तीन-चार, कुठे सहा मजले गाड्यांचे. माणसांची खिडकी सुरू होते ती त्याच्यावर. रस्त्याकडेला नुसती भिंत, जाळी आणि रॅम्पचं तोंड. जुन्या चाळीखालून रात्री दहाला जाताना वरून कोणीतरी गॅलरीत उभं असायचं, खाली वाण्याचं दुकान, पानवाला. त्यांचा कधी त्रासही व्हायचा, मी काही चाळीचं गोडगोड चित्र काढत नाही. पण हाक मारली तर ऐकू जायची. आता त्या भिंतीच्या कडेने चालताना हाक कोणाला मारायची? आणि तळघरात गाडी लावून एकटीने लिफ्टपर्यंत जाणाऱ्या बाईलाही विचारा. म्हणजे गाडीवाल्या बाईलासुद्धा हे सुखाचं नाही.

मुंबईने आणखी एक प्रयोग केला. १९९१ च्या नियमावलीत पुढे एक कलम घातलं गेलं, ३३(२४). बिल्डरने सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेला दिला की त्याला जादा एफएसआय मिळायचा. वाहनतळ झाले, वर मनोरेही झाले. आणि वाहनतळ पुष्कळसे रिकामे, कारण बाहेर रस्त्यावर फुकट लावता येत असताना आत पैसे देऊन कोण लावणार? शेवटी ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने २६ वाहनतळांच्या ५०० मीटरच्या परिसरात बेकायदा गाडी लावली तर मोटारीला दहा हजारांपासून दंड लावायला सुरुवात केली. आधी जागा वाढवायची, मग ती भरावी म्हणून दंड करायचा. कणकेची परात आठवा. त्या जादा एफएसआयच्या बदल्यात तेवढ्या क्षेत्राची पाळणाघरं आणि नोकरदार स्त्रियांची वसतिगृहं मागितली असती तर ती रिकामी राहिली असती का?

दुसरं काही करता येतं का, तर येतं. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराच्या फ्लोरिड्सडॉर्फ भागात नव्वदच्या दशकात दोन वसाहती झाल्या. पहिली महापालिकेच्या स्त्री-विभागाच्या पुढाकाराने, चार स्त्री वास्तुरचनाकारांनी आखलेली, १९९७ ला पुरी झालेली, ३५७ घरांची. नाव 'फ्रॉएन-वेर्क-श्टाट', म्हणजे स्त्री-काम-शहर. तिथे बाबागाडी ठेवायला मजल्यावरच जागा, बालवाडी वसाहतीतच, स्वयंपाकघरातून अंगणात खेळणारं मूल दिसेल अशी रचना. दुसरी १९९९ ची, २४४ घरांची, बिनगाडीची. राहायला येणाऱ्यांनी करारातच लिहून द्यायचं की आम्ही मोटार ठेवणार नाही. एरवी तिथे घरटी एक गाडीची जागा सक्तीची होती. या वसाहतीसाठी कायद्यात बदल करून ती दहा घरांना एक केली. आणि तळघराचे जे पैसे वाचले ते सामाईक खोल्या, मुलांची जागा, गच्चीवरच्या बागा, सायकली ठेवायची सोय यांत घातले. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की वाचलेला पैसा कुठे गेला ते रहिवाशांना दिसलं.

व्हिएन्नात ट्राम आणि भुयारी रेल्वे आधीपासून होती, आपल्याकडे काय आहे, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. नुसतं पार्किंग कमी करा म्हटलं आणि बस दिली नाही तर मार पुन्हा आपल्यालाच. 'बेस्ट'कडे २०१० च्या आसपास चार हजारांवर बस होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात कमीत कमी भाडं पाचाचं दहा झालं, आणि जूनमध्ये पुण्याच्या पीएमपीचंही. चार तिकिटांची माळ गुंफणाऱ्या बाईला याचा अर्थ काय ते मी सांगायला नको. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण शहरातल्या बसला ती योजना नाही. दिल्लीने २०१९ मध्ये आणि कर्नाटकाने २०२३ मध्ये बायकांना बस मोफत केली. त्याच्या उलटसुलट चर्चा आपण पुन्हा कधी करू. मला एवढंच म्हणायचंय की मोफत तिकीट असो की पूर्ण तिकीट, बस आली पाहिजे. २०२५ मध्ये आपल्या परिवहन खात्याने जाहीर केलं की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय मोटारीची नोंदणी नाही. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. ऐकायला बरं वाटतं. पण तेवढ्यावर थांबलं तर बिल्डर आणखी दोन मजले गाड्यांचे चढवणार आणि आपल्याला म्हणणार, सरकारनेच सांगितलंय.

म्हणून नव्या वसाहतीच्या बाबतीत आपण काय मागायचं? सक्तीची कमीत कमी पार्किंग काढा आणि रेल्वे, मेट्रो, बसच्या जवळ उलट जास्तीत जास्तची मर्यादा घाला. घराची किंमत आणि गाडीच्या जागेची किंमत वेगळी लिहा, म्हणजे ज्याला नको तो घेणार नाही. वसाहतीला परवानगी देताना बसथांबा, रिक्षाची जागा, सलग फुटपाथ, बालवाडी आणि रेशन दुकान किती पावलांवर आहे ते नकाशात दाखवा आणि ते नसेल तर ताबा देऊ नका. तळमजल्यावर रस्त्याकडेला भिंत नको, दुकानं हवीत, फेरीवालीची जागा हवी. मुंबईचा २०१४-३४ चा आराखडा होत होता तेव्हा स्त्री-संघटना एकत्र येऊन महापालिकेशी बोलल्या, म्हणून त्यात आधार केंद्रं, नोकरदार स्त्रियांची घरं, पाळणाघरं असे शब्द आले. नाहीतर ते कोणी आपणहून लिहिणार नव्हतं. गाडीचा तक्ताही असाच माणसांनी लिहिलेला आहे.

कामाचं सांगते आणि थांबते. नियमावलीत बदल करायचा असेल तेव्हा नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकती द्यायला एक महिना मिळतो. सूचना वर्तमानपत्रात बारीक टायपात येते, म्हणून प्रत्येक गटात एकीने तेवढं एक काम अंगावर घ्या. हरकत मराठीत, हाताने लिहिलेली चालते. छापील नमुन्यावर नुसत्या सह्या घेऊ नका. प्रत्येकीने आपली स्वतःची दोन वाक्यं लिहिली तर सुनावणीत ती वाचावी लागतात. आवक खिडकीवर पोच घेतल्याशिवाय हलू नका आणि सुनावणीची तारीख लेखी मागा.

मागच्या टेबलावर कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तुम्ही कुठे कुठे गेलात, कशाने गेलात, हातात काय होतं, कुठे थांबावं लागलं, आणि कुठे गाडी उभी होती म्हणून रस्त्यावर उतरावं लागलं, ते प्रत्येकीने काढा. लिहिता येत नसेल त्यांनी चित्र काढा, शेजारणीला सांगा. हे कागद आपण हरकतींना जोडणार आहोत. गटवार बसा, पुण्याचा गट खिडकीपाशी, चहा जागेवर येईल.